गप्प बसलेले मूल

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



दोन वर्षांचे मूल अंगणात धावताना पडते. गुडघा खरचटतो. मूल ओठ काढते, पण रडू फुटण्यापूर्वीच आजी लगबगीने येते, जमिनीवर दोन चापट्या मारते आणि म्हणते, ‘‘अगं बाई, मुंगी मेली बघ! कुठं गेली मुंगी?’’ मूल चकित होऊन मुंगी शोधू लागते. रडणे विरून जाते आणि घरातील सारेच हसतात. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही युक्ती आहे. दोन वर्षांच्या मुलापुरती तिच्यात वावगे असे काही नाही. त्या वयात लक्ष दुसरीकडे वळवणे हाही दिलासाच असतो. शिवाय मुंगी शोधताना आजीचा हात पाठीवरून फिरत असतो. खरे औषध तो हातच.

अडचण पुढे सुरू होते. मूल सहा वर्षांचे होते, नऊ वर्षांचे होते, तरी घरातली मुंगी मरायची थांबत नाही. आवडती पेन्सिल हरवली म्हणून रडणाऱ्या मुलीला ‘‘दुसरी आणू, त्यात काय रडायचं?’’ असे सांगितले जाते. स्नेहसंमेलनाच्या नाटकात निवड झाली नाही म्हणून हिरमुसलेल्या मुलाला ‘‘बरंच झालं, अभ्यासाला वेळ मिळेल’’ हे ऐकावे लागते. अंधाराला घाबरणाऱ्याला ‘‘एवढा घोडा झालास आणि घाबरतोस काय!’’ असे म्हटले जाते. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच असतो. मुलाला मात्र त्यातून एकच गोष्ट उमगते, ती ही की आपल्याला जे वाटते आहे ते वाटायला नको होते. मग बाराव्या-तेराव्या वर्षी केव्हातरी ते शाळेतून येते, दप्तर कोपऱ्यात भिरकावते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. आई विचारते, ‘‘काय झालं रे?’’ उत्तर येते, ‘‘काही नाही.’’

हे ‘काही नाही’ एका दिवसात तयार झालेले नसते. दहा वर्षांच्या अनुभवातून मुलाने काढलेला तो निष्कर्ष असतो.

कोणत्याही मध्यमवर्गीय घरात घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. संध्याकाळची वेळ आहे. चौथीतली मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन जाहीर करते, ‘‘मी उद्यापासून शाळेत जाणार नाही.’’ आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, ‘‘असं कसं चालेल? परीक्षा तोंडावर आलीय.’’ मुलगी सांगते की जिवलग मैत्रीण मधल्या सुट्टीत दुसऱ्याच मुलीबरोबर डबा खायला बसली. बाहेरच्या खोलीतून वडिलांचा आवाज येतो, ‘‘तूच काहीतरी बोलली असशील तिला.’’ आजोबा वर्तमानपत्र खाली न ठेवता सांगतात, ‘‘आमच्या वेळी चार मैल चालत शाळेत जायचो, असली थेरं नव्हती.’’ मोठा भाऊ फिदीफिदी हसतो. दोन मिनिटांत त्या मुलीला उपदेश, आरोप, इतिहास आणि थट्टा असे चार पदार्थ वाढून झालेले असतात. ती पाय आपटत निघून जाते आणि घर म्हणते, ‘‘फार हट्टी झालीय हल्ली.’’

येथे कोणीही खोटे बोललेले नाही. परीक्षा खरोखरच जवळ आली आहे. आजोबा खरोखरच चालत शाळेत गेले होते. पण मुलगी शाळेविषयी बोलतच नव्हती. डबा उघडून एकटीने बसण्याचे जे दहा मिनिटांचे दुःख होते, ते कोणासमोर तरी ठेवावे म्हणून ती दारात आली होती. ते ठेवायला तिला जागा मिळाली नाही.

आता तोच प्रसंग थोडा वेगळा घडला तर? आई गॅस बारीक करते, मुलीकडे वळून पाहते आणि एवढेच म्हणते, ‘‘म्हणजे आज सुट्टीत एकटीच बसलीस?’’ मुलीचे डोळे भरतात. ‘‘हो. आणि सगळ्यांनी बघितलं.’’ आई घाई करत नाही. थोड्या वेळाने म्हणते, ‘‘सगळ्यांच्या देखत झालं ना, ते जास्त लागलं असेल.’’ मग मुलगी रडते, सविस्तर सांगते, मैत्रिणीला नावे ठेवते आणि शेवटी पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकते. उद्या शाळेत जायचे की नाही हा प्रश्न कोणी सोडवलेला नसतो, तो मागे पडलेला असतो. नेहमी असे घडेलच असे नाही. पुष्कळदा दुःख दुसऱ्या दिवशीही तेवढेच राहते. पण ते दुःख घरात सांगता येते, हे मुलीला कळलेले असते.

याला मानसशास्त्रात ‘समानुभूती’ म्हणतात. सहानुभूती आणि समानुभूती यांत फरक आहे. सहानुभूतीत एक जण काठावर उभा राहून ‘अरेरे’ म्हणतो. समानुभूतीत तो पाण्यात उतरतो. स्वतः बुडत मात्र नाही. मुलाबरोबर रडू लागणारी, त्याच्या मैत्रिणीच्या आईला तत्काळ दूरध्वनी करून भांडणारी आई समानुभूती दाखवत नसते. ती मुलाचे दुःख स्वतःच्या ताब्यात घेत असते. मुलाला आधार हवा असतो, वकील नव्हे.

मुलाने रडणे थांबवले म्हणजे त्याचे दुःख संपले, हा समज किती महागात पडतो याचे एक विलक्षण उदाहरण इंग्लंडमधील रुग्णालयांच्या इतिहासात सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तेथे रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलांना आई-वडिलांनी भेटणे फार जाचक नियमांनी बांधलेले होते. अनेक ठिकाणी आठवड्यातून एखाद-दोन तासांपलीकडे भेट मिळत नसे. यामागे क्रौर्य नव्हते. डॉक्टर आणि परिचारिका प्रामाणिकपणे सांगत की पहिले एक-दोन दिवस मूल रडते, मग ‘रुळते’. आई आली की पुन्हा रडू लागते. तेव्हा आई न आलेलीच बरी.

जेम्स रॉबर्टसन या समाजकार्यकर्त्याने हे ‘रुळणे’ जवळून पाहिले. जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाबरोबर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करताना तो मुलांच्या कक्षांत तासन्‌तास बसून राही. त्याला तीन पायऱ्या दिसल्या. आधी मूल आकांत करते, आईला हाका मारते. मग आशा सोडते आणि मलूल होते. त्यानंतर ते पुन्हा खेळू लागते, परिचारिकांकडे पाहून हसते, आणि आई आली तर तिची फारशी दखलही घेत नाही. कक्षातील लोक या तिसऱ्या अवस्थेला ‘बरे झाले’ म्हणत. रॉबर्टसनच्या मते सर्वांत चिंताजनक अवस्था हीच होती, कारण मुलाने आईविषयीची भावनाच आत कोंडून टाकलेली असे.

त्याचे म्हणणे कोणी ऐकेना, तेव्हा त्याने एक साधा चित्रपट घेतला. अडीच वर्षांची एक मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढेच त्याचे कथानक. ही मुलगी आकांत करणाऱ्यांपैकी नव्हती. ती बऱ्यापैकी शांत, समंजस होती. म्हणूनच तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटून मावळणारे दुःख पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. १९५२ साली हा चित्रपट लंडनमध्ये वैद्यकीय व्यावसायिकांपुढे दाखवला गेला, तेव्हा अनेक जण संतापले. चांगली रुग्णालये, चांगली माणसे यांच्यावर हा अन्याय आहे, असे त्यांना वाटले. पण हळूहळू वाऱ्याची दिशा बदलली. १९५९ मध्ये प्लॅट समितीने सरकारला अहवाल दिला आणि मुलांना भेटण्यावरील बंधने काढावीत, अशी शिफारस केली.

आपल्याकडच्या रुग्णालयात आजारी मुलाच्या खाटेजवळ आई बहुधा बसलेली असते, प्रसंगी खाटेखाली सतरंजी अंथरून झोपते. त्या बाबतीत आपली रीत शहाणपणाची आहे. परंतु मूल गप्प झाले की ते रुळले, ही समजूत आपल्या घरांतही तितकीच पक्की आहे. ‘‘आमचा मुलगा फार समजूतदार, कधी तक्रार नाही’’ असे कौतुकाने सांगणाऱ्या पालकांनी एकदा थांबून पाहावे. तो समाधानी आहे म्हणून तक्रार करत नाही, की तक्रार करून उपयोग नाही हे त्याला कळले आहे? दोन्ही मुले बाहेरून सारखीच दिसतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. काही महिन्यांच्या बाळाशी आई हसत-खेळत बोलते आणि मग सूचनेप्रमाणे दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसते, हातवारे करते, आवाज काढते, आईला परत मिळवण्याचा जमेल तो प्रयत्न करते. तेवढ्यानेही आई हलली नाही की ते मान फिरवते आणि कोमेजते. आज हा प्रयोग पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मूल काही सांगत असते आणि पालकाची नजर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असते, तेव्हा तो आपल्या बैठकीच्या खोलीत चालू असतो.

त्याच ट्रॉनिक यांच्या पुढील निरीक्षणांनी मात्र आई-वडिलांना मोठा दिलासा दिला आहे. प्रेमळ, निरोगी आई-बाळांच्या जोड्यांतही सूर पुष्कळ वेळा जुळत नाहीत. बाळाला खेळायचे असते तेव्हा आई थकलेली असते. चुकलेला सूर पुन्हा जुळवला जातो की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते. तेव्हा दमून घरी आलेल्या वडिलांनी ‘‘आत्ता डोकं दुखतंय, जेवण झाल्यावर ऐकतो’’ म्हणण्यात काही पाप नाही. जेवण झाल्यावर त्यांनी खरेच ऐकले पाहिजे, एवढेच. आणि भलत्याच वेळी ओरडल्यावर ‘‘मगाशी माझं चुकलं’’ असे मुलाला सांगणाऱ्या वडिलांची प्रतिष्ठा कमी होत नाही. तो वडिलांविषयी निश्चिंत होतो.

येथे अनेकांच्या मनात एक शंका उभी राहते आणि ती रास्त आहे. असे भावना कुरवाळत बसलो तर मूल डोक्यावर बसेल, शिस्तीचे काय, संस्कारांचे काय? हैम गिनॉट या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याचे उत्तर आहे, आणि ते आपल्या घरात सहज पटावे असे आहे. भावना आणि कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावना कोणतीही येऊ शकते, तिला मज्जाव नाही. कृतीला मात्र मर्यादा आहे आणि ती पालकानेच घालायची आहे.

धाकटी बहीण घरात आल्यावर चार वर्षांचा भाऊ म्हणतो, ‘‘हिला परत दवाखान्यात देऊन ये.’’ बारशाला जमलेले पाहुणे हसतात, आणि कोणीतरी म्हणते, ‘‘असं बोलू नये, देवबाप्पा रागावतो.’’ त्या मुलाने कालपर्यंत एकट्याचे असलेले राज्य गमावलेले असते. आई त्याला जवळ घेऊन म्हणू शकते, ‘‘आई सारखी बाळाजवळच असते, म्हणून तुला राग येतो ना?’’ आणि तो बाळाला चिमटा काढू लागला, तर तिने त्याचा हात घट्ट धरायला हवा आणि तितक्याच ठामपणे सांगायला हवे, ‘‘चिमटा काढायचा नाही. राग आला की मला येऊन सांगायचं.’’ यात ढिलाई कोठे आहे? उलट मत्सर वाटणेच पाप आहे असे ज्याला सांगितले गेले, ते मूल मत्सर सोडत नाही. ते चिमटा लपून काढायला शिकते.

पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे धाक आणि सोळावे लागताच पुत्राशी मित्रासारखे वागणे, असा क्रम सांगणारे सुभाषित पालकांच्या मेळाव्यात हमखास ऐकू येते. गंमत अशी की त्यातला मधला भाग सर्वांना पाठ असतो. शेवटचा भाग आचरणात आणायची वेळ येते तेव्हा बहुतेकांना उमगते की ज्याच्याशी पंधरा वर्षे संवाद झाला नाही, त्याच्याशी सोळाव्या वर्षी मैत्री एकाएकी होत नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२० च्या दशकातच मुलांना मारणे, धमकावणे याविरुद्ध आवाज उठवला होता. ताराबाईंनी पुढे बोर्डीत आणि कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केले. मुलाचा मान राखूनही शिस्त लागते, हे त्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. त्याला पाश्चात्त्य फॅड म्हणण्याचे कारण नाही.

मुलाला काय वाटते आहे हे त्याला सांगता यायचे तर त्याच्याजवळ शब्द हवेत. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. रुसणे वेगळे, फुगणे वेगळे, हिरमुसणे वेगळे, खट्टू होणे वेगळे. धास्ती आणि धडकी एक नव्हे. ओशाळणे आणि खजील होणे यांतही छटेचा फरक आहे. चडफड, हुरहुर, जळफळाट, कानकोंडे होणे, भांबावणे हे सारे शब्द आजीच्या बोलण्यात सहज येत. आज शहरातील मुलांच्या तोंडी मात्र ‘बोअर होतंय’ आणि ‘टेन्शन आलंय’ अशी दोनच नाणी उरली आहेत, आणि तीच सर्वत्र चालवली जातात. परीक्षेची धास्ती, मित्राने फसवल्याचा विषाद, उगाचची हुरहुर, सगळ्याला ‘टेन्शन’. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरील भावनेला शब्दाने नाव दिले की मेंदूतील भय-क्षोभाशी निगडित असलेल्या भागाची हालचाल मंदावते, असे त्यांना आढळले. आजीला हा अभ्यास ठाऊक नव्हता. ‘‘माझं बाळ आज खट्टू झालंय’’ म्हणत ती तेच करत होती.

एक सावधगिरी मात्र हवी. हल्ली पालकत्वाची शिबिरे होतात, पुस्तके निघतात, आणि त्यांतील वाक्ये पाठ करून म्हणणारे पालकही भेटतात. ‘‘तुला राग आला आहे हे मला समजते’’ असे पुस्तकी मराठीत, घड्याळाकडे पाहत म्हटलेले वाक्य मूल क्षणात ओळखते. त्यापेक्षा काही न बोलता शेजारी बसणे बरे.

मुलाचे ऐकून घेण्यात नेमके काय पणाला लागलेले असते, हे आणखी एका प्रसंगातून कळते. घरी पाहुणे आले आहेत. सात वर्षांची मुलगी एका ओळखीच्या गृहस्थाजवळ जायला तयार नाही. आईच्या मागे लपते. ‘‘अगं, काका आहेत, लाजतेस काय? जा, पापा दे त्यांना,’’ असे म्हणून तिला पुढे ढकलले जाते. पुष्कळदा ती नुसती बुजलेली असते. पण कधीतरी तसे नसते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती.

त्यानंतर २०१२ मध्ये पॉक्सो कायदा झाला. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. कायदा हवाच. परंतु त्याची चाके फिरण्यासाठी आधी मुलाने कोणाजवळ तरी तोंड उघडावे लागते, आणि पेन्सिल हरवल्याचे दुःख सांगितल्यावर ज्याला हसण्यावारी नेले गेले, ते मूल ही गोष्ट सांगण्याचे धैर्य कोठून आणणार? ‘‘मला ते काका आवडत नाहीत’’ या वाक्यावर ‘‘असं बोलू नये मोठ्यांना’’ हा संस्कार नव्हे. ‘‘का गं, काय झालं?’’ असे शांतपणे विचारणे, आणि तोवर तिला पुढे न ढकलणे, हे आईचे काम आहे. नमस्कार लांबूनही करता येतो.

मुलग्यांविषयी दोन शब्द वेगळे बोलायला हवेत, कारण त्यांच्यावर हा गप्पपणा अधिक लवकर लादला जातो. ‘‘मुलीसारखा रडतोस काय?’’ या एका वाक्यात मुलाचाही अपमान होतो आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीचाही. असा मुलगा मोठा झाला की त्याला एकच भावना उघडपणे व्यक्त करण्याची मुभा उरते, रागाची. भीती, लाज, एकटेपणा, सारे त्याच एका दाराने बाहेर पडू लागते. पुढे त्याच्या बायकोला आणि मुलांना त्या दारासमोर राहावे लागते.

घरात मृत्यू झाला की हे सर्व एकदम उघडे पडते. आजोबा गेले. सहा वर्षांच्या नातवाला शेजारच्या बिऱ्हाडात पाठवले जाते आणि ‘‘आजोबा गावाला गेले’’ असे सांगितले जाते. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मोठ्यांचे सांत्वन होते, त्यांना भेटायला लोक येतात. मुलाला भेटायला कोणी येत नाही. ते हुंदडत असते, श्रीखंडाची वाटी मागते, आणि पाहुणे म्हणतात, ‘‘बरं झालं, त्याला काही कळत नाही.’’

पाहुणे पांगल्यावर एके रात्री वडील दिवा मालवायला जातात, तेव्हा मुलगा जागाच असतो. उशीखाली आजोबांच्या चष्म्याचे घर असते. ‘‘चष्मा न घेता कसे गेले गावाला?’’ तो विचारतो. वडील काही वेळ दाराशी उभे राहतात. मग दिवा तसाच ठेवून पलंगावर त्याच्याजवळ बसतात. ‘‘गावाला नाही गेले, राजा. आजोबा वारले. आता परत नाही येणार.’’ मुलगा चष्म्याचे घर उघडतो आणि मिटतो. पुन्हा उघडतो. ‘‘तुम्हाला आठवण येते?’’

‘‘रोज येते,’’ वडील म्हणतात, आणि दहा-बारा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटतो. मुलगा थोडा सरकून त्यांना जागा करून देतो.